वन्सं, ‘पॉश’ची ती बोट कधी नव्हतीच

प्रिय वन्सं,

नमस्कार शेवटी करीन. आधी भांडण आटपून घेते.

तुम्हाला जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षभरात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसांना पत्रं लिहून वर्तमानपत्रात छापणाऱ्यांविषयी माझं मत काय आहे, ते तुम्ही माझ्याच तोंडून पुष्कळदा ऐकलंय. आज मीच लिहायला बसले, कारण हे भांडण दुसऱ्या कोणाशी करता येण्यासारखं नाही. तुमच्या वारज्याच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचे सचिव देवधर तुमच्या शब्दकथांची पुस्तिका काढताहेत. मजकूर शनिवारी छापखान्यात जायचाय, आज बुधवार आहे, आणि ते सगळे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेत. चार दिवस आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतोय. तुमचे बंधू म्हणतात, “ताईनं जाऊनसुद्धा आपल्याला टेबलावरून उठवलं.”

देवधर आले ते पिशवीतून गठ्ठा काढतच आले. “वहिनी, मालतीताईंच्या पंचेचाळीस शब्दकथा आहेत. त्यांच्या वहीवरून माझ्या सुनेनं टाइप केल्यात. तुम्ही कॉन्व्हेंटच्या. जरा नजरेखालून घाला.”

मी उभ्या उभ्या दोन कथा वाचल्या. “देवधर, हे खोटं आहे.”

“कुठलं?”

“जवळजवळ सगळंच.”

“अहो, पण छान आहे ना!”

छान आहे! औषधाच्या दुकानदारानं उद्या देवधरांना सांगावं, गोळ्या चुकीच्या दिल्यात पण पाकीट छान आहे, म्हणजे कळेल. पण मी त्यांना चहा दिला आणि गठ्ठा ठेवून घेतला. तुमचं नाव होतं ना त्याच्यावर.

वन्सं, काय काय लिहून ठेवलंत हो! म्हणे ‘न्यूज’ हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांवरून आला. अहो, न्यू म्हणजे नवं. नव्या गोष्टी म्हणजे न्यूज. दारात उभ्या असलेल्या माणसाला शोधायला चार दिशांना कशाला धावायचं? म्हणे ‘टिप’ म्हणजे चटकन सेवा मिळावी म्हणून हॉटेलातल्या पेटीवर लिहिलेल्या तीन शब्दांची आद्याक्षरं. म्हणे ‘गोल्फ’ म्हणजे ‘फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी’ असं सांगणारी इंग्रजी पाटी. तशी पाटी लावायची अक्कल साहेबाला नव्हती, ती आपल्या पुण्यात आहे! आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची हौस लोकांना अलीकडे लागली. हे शब्द त्याच्या कितीतरी आधीचे. इतकं मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?

आणि ते मार्मालेड! स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली, तिच्यासाठी संत्र्याचा मुरंबा केला, फ्रेंच दासी ‘मेरी आजारी’ असं आपल्या भाषेत कुजबुजल्या आणि त्याचं मार्मालेड झालं. वन्सं, पोर्तुगालमध्ये मार्मेलो नावाचं फळ असतं. त्याचा मुरंबा तो मार्मालेड. कोणी राणी नाही, कोणी आजारी नाही. पण मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? “असं होय? पण मग पोरांना त्या फळाचं चित्र कुठून दाखवू? राणी कशी, लगेच दिसते.”

तुमची ही पोरं! महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं तुम्ही पाचवीला इंग्रजी शिकवलंत, स्वतः मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकून. दर गुरुवारी शाळा सुटली की आमच्याकडे यायचात. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, “शैला, अमुक शब्दाचं काय गं?” मी कंपनीत दिवसभर साहेबांची इंग्रजी पत्रं दुरुस्त करून आलेली असायची. घरी आल्यावर पुन्हा तेच! मी तुटकपणे एका वाक्यात निकाल लावायची. तुम्ही मान डोलवायचात आणि म्हणायचात, “तुझं इंग्रजी काय बाई, थेट मडमेचं.”

तुम्ही ते कौतुकानं म्हणत होतात. मी तेव्हा त्यात टोमणा शोधायची.

एकदा मी चिडून विचारलं होतं, “मुलांना खोटं का शिकवता?” तुम्ही शेंगा सोलत होतात. हात न थांबवता म्हणालात, “अगं, माझी पोरं इंग्रजी शब्द दिसला की अंग चोरतात. त्याची गोष्ट सांगितली की तो ओळखीचा होतो. ओळखीच्याला कोण घाबरतं?” मी त्यावर काहीतरी फटकळ बोलले असणार. आमच्या शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की बाकावर उभं करायचे. मी इंग्रजी शिकले ती पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. तसं शिकलेलं पक्कं होतं, हे खरं. पण त्या बाकावरून उतरल्यावर दुसऱ्याला त्याच्यावर चढवायची खोड लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या पंचाहत्तरीला मी जाडजूड शब्दकोश दिला, शब्दांचं मूळ सांगणारा. म्हटलं, आता तरी बघतील. तुम्ही तो खणात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलात! विचारलं तर म्हणे, “एवढी भारी वस्तू, हळदीचे हात लागतील.” सांगा, मी डोकं कुठे आपटायचं होतं?

आता त्या दिवसाकडे येते. टाळून उपयोग नाही.

तुमच्या कट्ट्याची मासिक सभा. बागेतली पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, चारची वेळ. तुम्ही मला आग्रहानं नेलंत. “माझी शब्दकथा आहे, तू ऐकायला हवीस.” मोतिया रंगाची साडी नेसला होतात आणि हातात चार घड्यांचा कागद. आधी ‘शॅम्पू’ सांगितलात. तो आपल्याकडच्या चांपण्यावरून, चंपीवरून इंग्रजीत गेला म्हणून. मग ‘पॉश’. साहेब बोटीनं विलायतेहून हिंदुस्थानात यायचा तेव्हा डावीकडची खोली सावलीत असायची, परत जाताना उजवीकडची. श्रीमंतांच्या तिकिटावर ‘येताना डावी, जाताना उजवी’ असा शिक्का मारायचे, आणि त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा झाला ‘पॉश’. बोट कशी वळते ते तुम्ही पंज्यानं दाखवलंत. चाळीस म्हातारी माणसं माना वळवून त्या बोटीबरोबर निघाली होती. टाळ्या पडल्या.

आणि मी उभी राहिले.

“माफ करा, पण हे साफ खोटं आहे. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. या शब्दाचं मूळ कोणालाच ठामपणे माहीत नाही. शाळाशिक्षिकेनं तरी खात्री करून बोलावं.” तिथे थांबायला हवं होतं. पण मागच्या रांगेतून कोणीतरी “वा!” म्हटलं आणि मला चेव आला. “आणि शॅम्पू आपला? उद्या म्हणाल, टूथपेस्टही पेशव्यांनी दिली!”

शेड हसली. दहा मिनिटं बोलले मी. देवधरांनी घड्याळ पाहिलं नाही, इतके सगळे रंगले होते.

तुम्ही माइकसमोर उभ्याच होतात. मी बसल्यावर म्हणालात, “असेल हं. आमच्या शैलाचं वाचन मोठं आहे.” मग कागदाच्या घड्या पुन्हा नीट घातल्यात आणि खुर्चीत येऊन बसलात, माझ्या शेजारीच. रिक्षात मी वाट पाहत होते, आता भांडतील. तुम्ही विचारलंत, “मटकीला मोड आले का गं?”

त्यानंतर तुम्ही कट्ट्यावर बोलला नाहीत. देवधरांनी दोनदा नाव पुकारलं, तुम्ही घशाकडे बोट दाखवलंत. घसा! गुरुवारी आमच्याकडे तासभर बोलायचात त्याच घशानं. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. मी स्वतःची समजूत घातली की मी बरोबर होते, आणि बरोबर असण्यात गुन्हा नसतो. ती समजूत गेल्या रविवारपर्यंत टिकली.

रविवारी टाइप केलेल्या एका कथेत मधली ओळच गळलेली दिसली. मी ह्यांना म्हटलं, “वारज्याला जा आणि मूळ वही आणा. ती ताईंच्या कपाटात परत ठेवली, असं देवधर म्हणाले.” हे दोन तासांनी आले ते वही घेऊन आणि बरोबर तो शब्दकोश. खण अजून तसाच होता. “फळीवर एकटाच होता,” म्हणाले.

वही उघडली. खाकी कव्हर, आतली पानं पिवळी. मी गुरुवारमागून गुरुवार ती तुमच्या मांडीवर पाहिली, पण हातात कधी घेतली नव्हती. प्रत्येक गोष्टीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक ओळ. देवधरांच्या सुनेनं ती टाइप केलेली नव्हती, तिला ती निरुपयोगी वाटली असणार. ‘मार्मालेड: दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितले, माझा ताप मोजताना.’ ‘टिप: विश्रांतवाडीच्या रिक्षावाल्यांनी सांगितले. पूर्वी हॉटेलात होते.’ ‘गोल्फ: पाचवी ब मधल्या सुनंदाने सांगितले, बाईंना काहीतरी सांगायचे म्हणून रात्री पाठ करून आली.’

वन्सं, तुम्ही हे शब्द गोळा करत होतात की माणसं?

आणि पान पहिलं. वहीतली सगळ्यात पहिली नोंद. शाई फिकी झालेली, पण तुमचं शाळेच्या फळ्यासारखं अक्षर. ‘पॉश.’ बोट, सावली, डावी, उजवी, सगळं. खाली पेन्सिलीनं: ‘नव्या वहिनीने, शैलाने सांगितले. लग्नानंतरची पहिली दिवाळी. तिला शाळेत सिस्टरनी सांगितले होते.’

ती पेन्सिलीची ओळ मी पुन्हा वाचली.

मग आठवलं. विसरले होते, असं म्हणते. खरंच विसरले होते की विसरणं सोयीचं होतं, ते आता विचारू नका. तुमच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायका करंज्या करत होत्या. माझ्या करंजीची मुरड सुटायची आणि सारण तेलात. सासूबाई फुटलेल्या करंज्या झाऱ्यानं वेगळ्या काढत होत्या, तेच जास्त टोचत होतं. कोणीतरी म्हणालं, “इंग्रजीत मुरड घालायला शिकवत नाहीत वाटतं.” बावीस वर्षांची होते मी. मला एक तरी गोष्ट येते हे दाखवायचं होतं, म्हणून कोणी विचारलं नसताना मी ‘पॉश’ची बोट सोडली. बायकांनी “हो का?” म्हटलं आणि पुन्हा पोळपाटाकडे वळल्या. तुम्ही तेवढ्या हात धुऊन उठलात. आत गेलात, कोरी वही आणलीत आणि म्हणालात, “पुन्हा सांग, सावकाश. लिहून घेते.”

त्या घरात मला पहिल्यांदा कोणी ‘पुन्हा सांग’ म्हटलं होतं.

म्हणजे त्या शेडमध्ये, चाळीस माणसांसमोर, मी ज्या गोष्टीच्या चिंध्या केल्या ती माझीच होती. आणि तुम्हाला ते माहीत होतं! माइक तुमच्यासमोर होता. “शैला, हे तूच मला सांगितलं होतंस” एवढं एकच वाक्य. मी जागच्या जागी बसले असते. का नाही बोललात? आज माझा राग याच्यावर आहे, तुमच्या न्यूजवर आणि गोल्फवर नाही. शिव्या घातल्या असत्यात तर परतफेड तरी करता आली असती. तुम्ही मटकीचं विचारलंत! मला आग्रहानं तिथे का नेलं होतंत, तेही आता कळतंय. तुमच्या हिशेबी तुम्ही माझी गोष्ट माझ्यासमोर सांगत होतात. मी ओळखेन, सुखावेन असं वाटलं होतं ना तुम्हाला?

मी तो खण सोडला. शब्दकोशाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली, कोणी न उघडलेली. ‘शॅम्पू’ काढला. चांपणे, चोळणे, दाबणे या अर्थाच्या हिंदी शब्दावरून, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हसून हसून उडवला तो शब्द तुमचा खरा होता. टाळ्यांनंतर मोडला तो माझा खोटा. आणि तो पुरावा मीच तुम्हाला भेट दिला होता.

ह्यांना सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, “पॉश काढून टाक. चव्वेचाळीस कथा पुष्कळ झाल्या. कोणाला कळणार आहे?”

“मला.”

“मग निदान वही कपाटात ठेव परत. ताई बोलली नाही, त्याला काही कारण असेल.”

“कारण तुमची ताई शहाणी होती आणि मी नाही.”

“हे मी पन्नास वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही,” असं म्हणून ते आत गेले. तुमचेच भाऊ.

काढून टाकायचा विचार मी केला नाही, असं नाही. सोमवारी दिवसभर केला. एक पान फाडलं की विषय संपला. मग संध्याकाळी देवधरांचा फोन. “वहिनी, पॉश मात्र हवाच हं! सगळ्यांना तोच आठवतो. तुमचं ते भाषण! आम्ही खाली लिहिणार आहोत, ‘शास्त्रशुद्ध दुरुस्ती: सौ. शैलाताई’. मुखपृष्ठावरही तुमचं नाव घालू.”

माझीच थाप, तुमच्या नावावर, आणि ती पकडल्याचं श्रेय मला! छापील! कायमचं!

“देवधर, छपाई थांबवा.”

“अहो, कागद आलाय!”

“मग त्यावर दुसरं काहीतरी छापा. मी पानं पुन्हा करतेय.”

करतेय, वन्सं. टेबल त्यासाठीच अडलंय. प्रत्येक कथा तुम्ही लिहिलीत तशीच ठेवलीय, राणी आजारी आहे आणि साहेबाची बोट वळतेय. खाली तुमची पेन्सिलीची ओळ, कोणी सांगितली ती. नर्सबाई, रिक्षावाले, सुनंदा, सगळे. आणि त्याखाली माझं एक वाक्य: हे खरं आहे, खोटं आहे, किंवा अजून कोणाला माहीत नाही. खोट्याला खोटं म्हणायचं मी सोडणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. लाल पेन मात्र ठेवून दिलं. देवधर कुरकुरले, “वहिनी, मजा जाते अशानं.” म्हटलं, जाऊ दे. शॅम्पूपाशी मी थोडं जास्त लिहिलंय, पेशव्यांच्या टूथपेस्टसकट.

‘पॉश’खालचं एकच नाव माझ्या हातून अजून लिहून होत नव्हतं. आज सकाळी झालं.

पुस्तिका निघेल तेव्हा त्याच शेडमध्ये कार्यक्रम आहे. देवधरांकडून मी दहा मिनिटं मागून घेतलीत, तेवढीच तेव्हा घेतली होती. त्यांना वाटतंय मी प्रस्तावना वाचणार. वाटू दे. पण माझा शब्द घ्या, वन्सं. मी उभी राहीन, आणि शाळेचं नाव घेणार नाही, सिस्टरवर ढकलणार नाही, वयाचं निमित्त करणार नाही. ‘ही गोष्ट मालतीताईंना मी सांगितली होती, आणि त्यांनी शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही,’ एवढं म्हणेन. त्यावर कोणी टाळ्या वाजवायला लागलं, तर त्याला खाली बसवीन.

आता वाकून नमस्कार करते.

तुमची वहिनी,
शैला